उजव्या कोपऱ्यातली ओळ

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे. एका गोदामात, मोडक्या खुर्च्या, खोटी दारे आणि पुठ्ठ्याचे खांब यांच्या मागे मला उभे करून ठेवले आहे. समोर भिंतीवरचा ओलीचा एक डाग आहे, तेवढाच काय तो माझा शेजारी. तो बोलत नाही, म्हणून मीच बोलतो.

तुमच्या शाळेतल्या फळ्यावर गणिते आणि कविता लिहितात. माझ्यावर भूत लिहीत असत. घाबरू नका, शेवटपर्यंत ऐका. यात घाबरण्यासारखे फारसे काही नाही, वाईट वाटण्यासारखे थोडे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्यावर पांढरा लेप देऊन मला भट्टीत भाजले, पाठीला लाकडाच्या भुशाची जाड फळी लावली आणि चारही बाजूंनी चौकट ठोकली. शेवटी एका तपासनिसाने माझ्यावर पेनाने एक रेघ मारली आणि फडक्याने पुसली. रेघ गेली. खूण उरली नाही. "छान," तो म्हणाला आणि मला पास केले. आयुष्यातले माझे ते पहिले कौतुक. तुम्हाला पाठ केल्याबद्दल शाबासकी मिळते, मला विसरल्याबद्दल मिळाली.

माझ्या जोडीचा फळा एका दवाखान्यात गेला. मी गेलो एका टीव्ही मालिकेच्या लेखकांच्या खोलीत. खोली लहान होती. खिडकी अर्धीच उघडायची. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली न वापरलेल्या कथेच्या कागदांची घडी असायची. कथा फारच जाड असली तर टेबल दुसऱ्या बाजूला कलायचे. कान तुटलेल्या एका मगात पेने होती. गल्लीच्या पलीकडे स्टुडिओ होता. या खोलीत जे ठरे ते तिकडे घडे आणि मग घराघरांत लोक उशी पोटाशी धरून ते बघत.

खोलीचा कारभार ताईंच्या हातात होता. ताई म्हणजे मुख्य लेखिका. केस कसेतरी बांधलेले, चष्मा डोक्यावर आणि "माझा चष्मा कुठे गेला?" हा प्रश्न तोंडात. त्यांनी एक भूत तयार केले होते. त्या भुताचे नाव पाठमोरी.

पाठमोरी कोणाला मारत नसे, ओरडत नसे. अंगावर करडी शाल, पाठीवर मोकळे केस, अशी ती घराच्या एखाद्या कोपऱ्यात पाठ करून उभी राही. बस. पण ती नेमकी तिथेच उभी राही जिथे घरातल्या कोणीतरी काहीतरी लपवलेले असे. तिची पाठ बघून तो माणूस आपणच घामाघूम होई आणि सगळे सांगून टाकी. मालिका इतकी गाजली की रिकाम्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लोक घाबरू लागले.

"तोंड का नाही दाखवत आपण तिचं?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी ज्याने विचारला, त्याचे नाव त्याच दिवशी शंकासुर पडले. तो ताईंच्या हाताखालचा लेखक. त्याला शंका येत आणि त्या थांबत नसत. पाठमोरी जेवते का? दार बंद असताना ती आत कशी येते? आली तर चपला कुठे काढते?

"अरे बाबा," ताई म्हणाल्या, "पाठ दिसली की माणूस तिला मनातल्या मनात स्वतःच चेहरा काढतो. आणि जो बघायची हिंमत नसते, नेमका तोच काढतो. आपण कशाला फुकट मेहनत करायची?"

ताईंचा त्या खोलीत एक नियम होता. कथेत बदल सुचला तर सुचवणाऱ्यानेच फळ्यावरचे जुने पुसायचे, आणि पुसण्याआधी ते मोठ्याने वाचायचे. "दुसऱ्याची अक्षरं आहेत," त्या म्हणत. "निरोप न देता घालवू नये." या नियमाने पुष्कळ बदल आपोआप रद्द होत. तावातावाने उठलेला माणूस जुनी ओळ वाची, घुटमळे, "हेच बरं आहे म्हणा," असे पुटपुटे आणि खाली बसे. माझ्या जमेच्या बाजूला मी ही वाचलेली वाक्ये धरतो. खर्चाच्या बाजूला कौतुकाची वाटणी. भाग रंगला की श्रेय जिना चढून वरच्या मजल्यावर जाई; भाग पडला की दोष त्याच जिन्याने खाली आमच्या खोलीत येई. जिना एकच होता.

आता काकूंबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

पाठमोरीचे काम काकू करत. त्याआधी त्यांनी आयुष्यभर बारीकसारीक भूमिका केल्या होत्या. ट्रे घेऊन आत येणारी नर्स. खिडकीतून डोकावणारी शेजारीण. गर्दीतली मागच्या रांगेतली बाई. पण त्यांच्या पाठीत जे होते ते भल्याभल्यांच्या तोंडात नसते. दिग्दर्शक सांगे, "काकू, पाठ जरा रागावू द्या," आणि पाठ रागावे. "आता थोडी थकू द्या," आणि ती थके. काकूंची पाठ साऱ्या मुलखाला ठाऊक झाली आणि काकूंना बाजारात कोणी ओळखेना. भाजीवाली त्यांच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगे, "काल पाठमोरी काय उभी राहिली हो! झोप नाही लागली." काकू भेंड्या निवडत राहत.

त्यांना एक नात होती. तिने वर्गात सांगितले, "माझी आजी पाठमोरी आहे." मुले हसली. म्हणाली, थापा मारते. कोणाचीही आजी असेल ती, तोंड कुठे दिसतं? नात रडत घरी आली आणि आजीला धरून बसली. "आजी, एकदाच वळ ना गं टीव्हीवर!"

काकू ही हकिगत हसत हसत सांगायला ताईंकडे आल्या होत्या. पण सांगता सांगता त्यांचे हसणे मध्येच सांडले. ताईंनी मगातले एक पेन उचलले आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, ठळक लिहिले:

शेवट : ती वळते. चेहरा साधा.

"शेवटच्या भागात," ताई म्हणाल्या. "पाठमोरी वळेल. सगळे डोळे झाकून घेतील. आणि मग दिसेल की हिचा चेहरा चारचौघींसारखाच आहे. नुकतं रडून आलेल्या बाईचा. तुमचा. रंगसुद्धा लावायचा नाही."

काकूंनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "पण ताई, तोवर चेहरा उरेल ना? पाठीला सुरकुत्या पडत नाहीत, तोंडाला पडतात हो."

"पडू द्या. साधा म्हटलंय मी, तरुण नाही म्हटलं."

तेवढ्यात शंकासुराने पेनाकडे बोट दाखवले. "ताई, ते पुसायचं पेन नाहीये. सेटवरची खोकी मार्क करायचं आहे. पक्की शाई."

खोलीत एकच हशा उठला. ताईंनी चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि आपला पराक्रम नीट बघितला. "निघतं ते," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर पुसायच्या पेनाने तीच अक्षरं परत गिरवायची, मग दोन्ही निघतात. पण घाई काय आहे? राहू दे."

ती ओळ राहिली. माझ्यावर कितीतरी भाग लिहिले गेले आणि पुसले गेले, कितीतरी घरे कोपऱ्यांसकट उभी राहिली आणि मोडली, पण उजव्या कोपऱ्यातली ती ओळ तशीच. अर्ध्या खिडकीतून येणारे ऊन रोज तिच्यावर पडे. काकू आपल्या भागाचे कागद न्यायला आल्या की दारातूनच आधी कोपऱ्याकडे बघत. "आहे ना अजून?" असे स्वतःशीच म्हणत आणि मग चहाला बसत. देवळात न जाणाऱ्या माणसालाही नमस्कार करायला एखादी जागा लागतेच.

मग दुसऱ्या एका चॅनेलवर नवे भूत आले. ते भिंतीवर चढे, माणसांचे गळे धरी. लोक तिकडे बघू लागले. आमच्या चॅनेलच्या मॅडम खोलीत येऊ लागल्या. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. बोलताना त्या सारख्या फोनकडे बघत, आणि त्यांचा चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखा होई.

"ताई, प्रेक्षक किती वर्षं पाठ बघणार? त्यांना चेहरा हवाय. या महिन्यातच हवाय."

"मग दाखवू की. मालिका संपवू आणि काकूंचा चेहरा दाखवू."

"काकूंचा?" मॅडम हसल्या. "अहो, तो चेहरा तर आमच्या शेजारणीचा वाटतो."

"तेच तर," ताई म्हणाल्या.

मॅडमना ते पटले नाही, आणि ताई हटल्या नाहीत. आवाज चढले नाहीत, दार आपटले नाही. काही दिवसांनी ताईंना सल्लागार केले, एवढेच. ज्याला सल्ला विचारायचा नसतो त्याला सल्लागार म्हणतात, हे मला तेव्हा कळले. त्यांची खुर्ची शंकासुराला मिळाली. नाही म्हणशील तर आजच मालिका बंद आणि खोलीतले सगळे घरी, असे त्याला सांगितले होते. तो नाही म्हणाला नाही. मी त्याला फार दोष देत नाही. खोलीतल्या बाकीच्यांनी तर सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला आहे.

ताईंनी आपला कप फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. पेने तशीच ठेवली. जाताना शंकासुराच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच म्हणाल्या, "पुसण्याआधी वाचत जा रे."

त्या दिवसापासून शंकासुराला शंका यायच्या बंद झाल्या. पाठमोरीला आधी नखे आली. मग आवाज आला. मग सूड आला. मग तिला एक जुळी बहीण आली. आधीचा शंकासुर असता तर त्याने विचारले असते, "ही जुळी बहीण इतकी वर्षं कुठे होती?" आता तो सांगतील ते लिहून घेई. जुने पुसताना वाचणेही हळूहळू सुटले. वेळ नसे.

आणि एके दिवशी सकाळी मॅडम म्हणाल्या, "या भागात ती वळणार. चेहरा जळलेला, डोळे पांढरे. मुखवटा तयार व्हायला टाकलाय." मग माझ्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ते काढून टाक बाबा. गोंधळ होतो बघणाऱ्याचा."

शंकासुर फडके घेऊन उठला. घासले. ओळ हलली नाही. पाण्याने घासले. ओळ तिथेच. खोलीतले सगळे खाली बघू लागले, कारण पक्की शाई कशी निघते हे सगळ्यांना माहीत होते.

त्याने मगातून पुसायचे पेन घेतले, खुर्चीवर चढला आणि पहिल्या अक्षरापासून गिरवायला लागला.

मित्रांनो, मोठ्याने वाचायचा नियम त्याने मोडला होता. पण वाचणे सोपे असते, जीभ ते उरकून टाकते. गिरवताना प्रत्येक वळणावरून जावे लागते. ताईंचा 'श' पोटात जरा जास्त वळायचा, त्याला तसाच वळवावा लागला. ताईंचा 'ळ' पडल्यासारखा असे, त्याला तो तसाच पाडावा लागला. 'चेहरा'पर्यंत त्याचा हात नीट चालला. 'साधा'ला थांबला. पेन माझ्या अंगावर तसेच टेकून राहिले आणि त्याच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"झालं का?" मॅडमनी फोनमधून डोके न काढता विचारले.

"झालं," तो म्हणाला आणि फडके फिरवले. दोन्ही शाया निघाल्या. फडके काळे झाले, बोटे काळी झाली. तीच बोटे पँटला पुसून त्याने खाली लिहिले: ती वळते. मुखवटा.

दुपारी काकू आल्या. दारातच थांबल्या आणि कोपऱ्याकडे बघितले. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितले.

"काकू, बसा ना," शंकासुर म्हणाला. "चहा सांगतो."

"नको रे. आत्ताच घेतलाय." त्यांनी नवी ओळ वाचली. "मुखवटा रबराचा आहे का रे?"

"हो."

"गरम होत असेल."

"काकू, मी..." तो उठला. "दुसरी कोणी घेऊ का त्या शॉटपुरती? तुम्ही नाही केलंत तरी चालेल. खरंच."

"वेडा आहेस का? इतकी वर्षं उभी मी राहिले आणि वळणार दुसरीच कोणी?" काकू हसल्या. "मुखवटा तर मुखवटा. आतून मीच वळणार ना?"

त्या कागद घेऊन गेल्या. चहा आला तो शंकासुरासमोर गार झाला. त्याने त्या दिवशी माझ्यावर आणखी काही लिहिले नाही.

तो भाग खूप लोकांनी पाहिला. खोलीत केक कापला, श्रेय जिना चढून वर गेले. काकूंना घरी काय झाले ते त्या पुढच्या खेपेला सांगत होत्या, कोणाला असे नाही, चहाच्या कपालाच सांगितल्यासारखे. नात टीव्हीसमोर नटून बसली होती. मैत्रिणींनाही बोलावले होते. पाठमोरी वळली तशी सगळ्या पोरी किंचाळल्या, आणि नात पळाली ती कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली. काकू तिला बाहेर काढायला गेल्या.

"आजी, ती तू नव्हतीस ना?" तिने आतूनच विचारले.

"नाही गं," काकू म्हणाल्या. "ती दुसरीच कोणीतरी."

"मग काय करणार?" काकू कपाला म्हणाल्या. "पोर बाहेर यायला नको?"

चेहरा बघून झाल्यावर लोकांना बघायला काही उरले नाही. रिकाम्या कोपऱ्याची भीती गेली, उशा पोटापासून पुन्हा डोक्याखाली गेल्या आणि थोड्याच दिवसांत मालिका बंद झाली. ज्यांना घरी जायचे नव्हते ते सगळे शेवटी घरीच गेले. शंकासुर खोली सोडताना माझ्यासमोर जरा उभा राहिला. मला वाटले काही लिहील. त्याने फक्त कोपऱ्यातल्या त्या जागेवर एकदा अंगठा फिरवला आणि दिवा बंद केला.

मला या गोदामात आणले. समोरची बाजू खराब होऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे केले. लिहिणे नाही, पुसणे नाही. मीही पाठमोराच झालो.

बऱ्याच दिवसांनी काकूंचा आवाज ऐकू आला. घरी राहिलेली करडी शाल आणि केसांचा टोप परत करायला त्या आल्या होत्या. गोदाम सांभाळणारे भाऊ बोलके आहेत.

"काकू, पाच मिनिटं बसा की. एकट्याने कंटाळा येतो. आता काय चाललंय?"

"काही नाही. आराम. ताईंचा फोन आला होता परवा. दोघी काहीच बोललो नाही बघा, पण बराच वेळ." मग त्यांनी विचारले, "भाऊ, लेखकांच्या खोलीतला फळा इथेच आलाय का हो?"

भाऊंनी खुर्च्या सरकवल्या, पुठ्ठ्याचे खांब बाजूला केले आणि मला धरून फिरवले.

दारातून तिरका उजेड येत होता. समोरून बघितले तर मी कोरा दिसतो. पण ती ओळ इतकी वर्षे उन्हात मुरली होती. काळेपणा गेला तरी अक्षरांच्या जागी एक पुसट, पिवळसर खूण राहिली आहे, ती फक्त बाजूने बघितले तर दिसते. काकू बाजूला सरकल्या. मान तिरकी केली. त्यांना दिसली.

माझा लेप अजून गुळगुळीत आहे, मित्रांनो. समोर कोणी उभे राहिले तर त्याची सावलीसारखी छबी माझ्यात पडते. त्या ओळीच्या खाली काकूंचा चेहरा पडला. रंग नाही, दिवे नाहीत. सुरकुत्या होत्या. डोळे नुकतेच भरून येऊन गेलेले होते.

"काही लिहिलंय का?" भाऊंनी विचारले.

"नाही हो. पुसलंय."

"मग परत भिंतीकडेच तोंड करून ठेवतो. धूळ बसत नाही."

"ठेवा," काकू म्हणाल्या. "सवय होते त्याची."

मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा पुसायची पाळी आली की खुशाल पुसा. आम्ही त्यासाठीच असतो, आणि पुसल्याशिवाय नवे काही लिहिता येत नाही. फक्त आधी एकदा वाचा. कोणी कोणाला शब्द दिलेला असतो, आणि तो शब्द दिला आहे हे फळ्याशिवाय फार थोड्यांना माहीत असते. आणि कुठे कोणी तुमच्याकडे पाठ करून उभे दिसले, तर पलीकडच्या बाजूला चेहरा आहे आणि घरी त्याची वाट बघणारे कोणीतरी आहे, एवढे ध्यानात असू द्या.

माझ्यावर आता कोणी काही लिहील असे वाटत नाही. पण त्या मालिकेचा शेवट, जो ताईंनी ठरवला होता तो, मी एकट्यानेच पाहिला आहे. भाऊंनी मला परत भिंतीकडे फिरवण्याआधी, जायला निघालेली ती क्षणभर दाराकडून माझ्याकडे वळली. चेहरा साधा होता.